दुपारच्या वर्गातील बलाचे प्रकार

अशा हकिकती मी जमवल्या नाहीत. जमवण्याचा माझा स्वभावही नाही. परंतु दुपारच्या वेळी एका खोलीत चार-पाच संसारी स्त्रिया, एक फळा आणि विज्ञानाचे पाठ्यपुस्तक एकत्र आले, की त्या आपोआप साचतात. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी पांढरी पुटे साचतात तशा. घासल्या तरी निघत नाहीत. आता कोणीही भेटले, की "ती नारळाची गोष्ट सांगा" म्हणून मागे लागते. म्हणून एकदाच, क्रमाने आणि पदरची भर न घालता सांगते.

मी जुनी मॅट्रिक. अकरावीला बोर्डाची परीक्षा असे, त्या काळातली. शास्त्र हा माझा विषय होता, आणि प्रयोगवहीत शाईचा एक डाग पडला तरी पान पुन्हा लिहावे लागे. शिक्षिका मात्र मी कधीच नव्हते. कसबा बावड्यातल्या आमच्या वसाहतीच्या सभागृहात मी वर्ग घेऊ लागले, ते केवळ सुनंदामुळे.

सुनंदा ही वसाहतीला लागून असलेल्या मळ्यातली सून. घरी ऊस आणि म्हशी. तिथल्या महिला दूध संस्थेच्या सचिवाची जागा रिकामी झाली होती, आणि सचिव दहावी उत्तीर्ण असावा असा संस्थेचा नियम. सुनंदाचे बाकीचे विषय सुटले होते. विज्ञान तेवढे अडले होते. संस्थेने तिच्या निकालापर्यंत थांबायचे ठरवले. तोवर अध्यक्षीणबाईंचा पुतण्या विकी काम पाहत होता, आणि सुनंदा या खेपेसही नापास झाली तर तोच कायम होणार होता. विकी रोज सभागृहावरून मोटारसायकल नेताना खिडकीतून विचारी, "काय वैनी, बल आलं का न्हाय अंगात?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही, अशी मी तिला ताकीद दिली होती. ती तिने पाळली. बाकीच्या ताकिदींविषयी तसे म्हणता येणार नाही.

*

पहिला पाठ. बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे. बल लावल्याशिवाय स्थिर वस्तू हलत नाही आणि हलणारी वस्तू थांबत नाही. मी हे फळ्यावर लिहिले आणि स्नायू बलाचे एक उदाहरण द्या, असे सांगितले. उदाहरण तोंडी द्यायचे असते, हे वेगळे सांगावे लागेल असे मला वाटले नाही.

माझ्या शेजारीण विमलअक्का त्या दिवशी कार्यालयातली चाकांची खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्या जयसिंगपूरच्या जैन व्यापारी घराण्यातल्या. नात अभ्यासावरून बोलते, तिला गप्प करायचे म्हणून वर्गाला येत. वजनदार बाई, आणि बसणेही वजनदार.

सुनंदा उठली. तिने दोन्ही हात खुर्चीच्या पाठीला लावले आणि उसाची गाडी रेटावी तशी खुर्ची रेटली. फरशी नुकतीच पुसलेली होती. विमलअक्का फळ्यावरून, खिडकीवरून आणि माझ्यावरून, पुस्तक मांडीवर तसेच उघडे धरून, सरळ दाराच्या दिशेने निघाल्या. माझ्या हातून खडू पडला.

जाता जाता विमलअक्का शांतपणे म्हणाल्या, "हलवायचं बल कळलं गं. आता थांबवायचं कुठलं ते लौकर सांग, पायऱ्या आल्या."

घर्षण बल आम्ही त्याच दिवशी घेतले. पुढच्या आठवड्यात घ्यायचे होते.

*

चुंबकीय बलाच्या पाठाला मी एक चांगला पट्टीचुंबक आणला होता, आणि सोबत टाचण्या, खिळे, तांब्याची तार, ॲल्युमिनियमचे झाकण. लोखंड ओढले जाते, तांबे नाही, सोने नाही, चांदी नाही. सोन्याचा उल्लेख मी केवळ पाठ पूर्ण व्हावा म्हणून केला. तो करायला नको होता.

टाचण्यांकडे कोणी पाहिलेही नाही. चुंबक हातोहात फिरू लागला. कोणी मंगळसूत्राला लावी, कोणी कानातल्याला. सुनंदाने तो नाकातल्या चमकीजवळ नेला, तेव्हा मी मान वळवली. शेवटी तो विमलअक्कांच्या हातात आला. त्यांनी मोठ्या ऐटीत पाटली पुढे केली आणि चुंबक पाटलीला जो चिकटला, तो सुनंदाने ओढून काढावा लागला!

त्या पाटल्या त्यांच्या यजमानांनी स्वतः करून आणल्या होत्या, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. विमलअक्कांनीच ते वरचेवर सांगितले होते. व्यापारातली माणसे, खरे-खोटे पारखण्यात ज्यांची हयात गेली! मी उगाच पुस्तकाचे पान उलटले.

विमलअक्कांनी पाटली पदराने पुसली, पुन्हा नीट बसवली आणि म्हणाल्या, "घरात कुणी बोलायचं न्हाय. पाडवा जवळ येऊ दे, मग मी बोलतो."

इथे एक सांगून ठेवते. आमच्या भागात बायकाही स्वतःविषयी 'जातो, बोलतो' असेच म्हणतात. ते सुधारण्याचा प्रयत्न मी केव्हाच सोडून दिला आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकीचे हात आणि गळे रिकामे होते. उकडते फार, असे प्रत्येकीने न विचारता सांगितले. थंडीचे दिवस होते.

*

स्थितिक विद्युत बलाचा प्रयोग तर शाळकरी मुलेही करतात. कंगवा कोरड्या केसांवर घासायचा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटतात. मी कपटे केले आणि कंगवा दिला. एकीनंतर एक, सगळ्यांनी घासला. एकही कपटा हलला नाही. कसा हलणार? वर्गात एकही डोके असे नव्हते, ज्यावर वाटीभर खोबरेल थापलेले नाही. मी माझ्या डोक्यावर प्रयत्न केला नाही, कारण परिणाम मला ठाऊक होता.

"उद्या एकीने केस धुऊन, कोरडे करून यावे," असे मी सांगितले. केस बांधून यावे, हे सांगायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी सुनंदा भर दुपारी, साऱ्या वसाहतीतून, केस पाठीवर मोकळे सोडून आली. माझ्या पिढीतल्या स्त्रीला ते पाहणेही अवघड होते. पण वेळ दवडण्यात अर्थ नव्हता. तिने मान पुढे झुकवली, केस तोंडावर घेतले आणि जोरजोराने कंगवा फिरवू लागली. केस कंगव्याच्या मागोमाग उभे राहू लागले. तिने कंगवा खाली नेला आणि सगळे कपटे एकदम उडाले. बायकांनी गलका केला.

तेवढ्यात दारातून हुंदका ऐकू आला. सुनंदाच्या सासूबाई उभ्या होत्या. या वयात शाळा कसली, म्हणून सुनंदाशी सहा महिने न बोललेल्या त्या सासूबाई. सून केस मोकळे सोडून कुठे निघाली, हे पाहायला त्या पाठोपाठ आल्या होत्या. त्यांनी पाहिले ते असे: मोकळे केस, झुकलेली मान, हलणारे अंग, आणि हात न लावता जागचे उठणारे कागद. त्यांच्या दृष्टीने यात शंकेला जागाच नव्हती. सुनेच्या अंगात देवी आली होती.

मी खुलासा करण्यासाठी पुढे झाले. त्यांनी मला हाताने बाजूला केले, चपला काढल्या, सुनेपुढे गुडघे टेकले आणि पदर पसरून रडत विचारले, "आई, एवढं एकच सांग. आमची सुनंदा पास हुती का न्हाय?"

सुनंदाने केसांतून डोके वर काढले नाही. केसांचा तो पडदा मात्र होकारार्थी दोनदा हलला.

*

आता ती नारळाची गोष्ट.

गुरुत्वीय बलाने जड वस्तू आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली येतात. हवेचा अडथळा नगण्य असला म्हणजे झाले. हे विमलअक्कांना मान्य नव्हते. नारळ आधी पडणार, सुपारी मागून, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी दोन्ही वस्तू घरून आणल्या. खुर्चीवर उभे राहून, खाली सतरंजी अंथरून प्रयोग करा, असे मी सांगितले आणि फळा पुसायला वळले. एवढ्याशा उंचीवरून काय कळणार, असे म्हणून विमलअक्का सुनंदाला घेऊन पहिल्या मजल्याच्या सज्जात गेल्या, हे मला समजले तेव्हा वस्तू हातातून सुटल्या होत्या.

त्याच वेळी वसाहतीचे चेअरमन नवी मोटार घेऊन फाटकातून आत येत होते. शोरूममधून आणलेली, बॉनेटवर हार. नारळ बरोबर पुढच्या चाकासमोर पडला आणि दोन शकले होऊन पाणी उडाले. सुपारी बॉनेटवर टण्णकन् आदळून हारात जाऊन बसली.

मी दारातल्या पायऱ्या उतरून बाहेर धावले. एखाद्या गृहस्थाच्या डोक्यात नारळ बसला असता तर! मी क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवत होते. चेअरमन मोटारीतून उतरले. त्यांनी नारळ पाहिला, हारातली सुपारी पाहिली, आणि डोक्यावरची टोपी काढून सज्जाकडे हात जोडले.

"नारळ आन् सुपारी, दोन्ही तुमी दिलासा," ते भरल्या आवाजाने म्हणाले. "लई मान राखलासा. फकस्त पुढच्या टायमाला खाली येऊन द्यावा."

मी नारळाची शकले गोळा करू लागले. असत्य बोलण्यापेक्षा ते बरे. विमलअक्का मात्र वरून विचारीत होत्या, की आधी कुठले पडले, कारण डोळे मिटून घेतल्यामुळे त्यांना दिसले नव्हते.

*

उत्प्लावक बल शिकवताना विकीशी गाठ पडली. द्रवात बुडवलेल्या वस्तूला द्रव वर ढकलतो. द्रव जितका दाट, तितका हा धक्का अधिक आणि वस्तू तितकी वर तरंगते. दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर याच तत्त्वावर चालतो. सुनंदाने संस्थेतला लॅक्टोमीटर एका दुपारपुरता मागितला. विकी तो द्यायला स्वतः आला आणि दारात हाताची घडी घालून उभा राहिला. जिची चेष्टा करायची, तिची फजिती डोळ्यांनी पाहावी, एवढाच त्याचा हेतू.

मी माझ्या घरचे दूध एका उंच भांड्यात आणले होते. सुनंदाने लॅक्टोमीटर अलगद सोडला. तो तरंगायला हवा तिथे थांबला नाही. आणखी खाली गेला, मग आणखी. पाण्याच्या खुणेपासून जेमतेम दूर, असा तो जाऊन ठरला. सुनंदाने वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहिले.

"बाई, तुमच्याकडं रतीब कुणाचा?"

रतीब विकीच्या घरचा होता. वर्षानुवर्षांचा. त्या दुधाचा चहा मी पाहुण्यांना दिला होता, त्याचा नैवेद्य देवाला दाखवला होता! माझ्या कानशिलांतून ऊन वाफा निघाल्या. मी विकीकडे वळले आणि याचा अर्थ काय, असे शक्य तितक्या संयमाने विचारले.

विकीच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. उलट त्याने आवाज मऊ केला. "आजी, तुमास्नी डॉक्टरनं साय टाळा म्हणून सांगितलंय न्हवं? घरचा माणूस म्हणून काळजी घेतोय की."

त्यानंतर खिडकीतून येणारा प्रश्न बंद झाला. माझा रतीब मी सुनंदाकडे लावला. जागेचा प्रश्न मात्र होता तिथेच होता. दूध पातळ घालणाऱ्यालाही दहावीचे प्रमाणपत्र असू शकते, आणि विकीजवळ ते होते.

*

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी सुनंदासोबत परीक्षाकेंद्रावर गेले. प्रयोग तिने व्यवस्थित केला. मग तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरच्या शाळेतले, कमी बोलणारे, भुवया सदैव आक्रसलेल्या. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते आणि दार उघडे असल्यामुळे मला सर्व ऐकू येत होते.

बलाचे प्रकार तिने न अडखळता सांगितले. वस्तुमान आणि वजन यांतला फरक सांगितला. वस्तूत जेवढे द्रव्य ते वस्तुमान, ते कुठेही बदलत नाही. पृथ्वी तिला जेवढ्या बलाने ओढते ते वजन, ते जागेप्रमाणे बदलते. माझा जीव भांड्यात पडला. परीक्षकांनी तिच्या अर्जावरचा पत्ता पाहिला असावा, किंवा तिच्या हातांकडे पाहिले असावे. त्यांनी विचारले, "दहा किलो दूध इथल्या स्प्रिंगच्या ताणकाट्यावर मोजलं. तोच काटा आणि तेच दूध चंद्रावर नेलं, तर काटा किती दाखवेल?"

"सहाव्या हिश्शापेक्षा जास्त न्हाय दाखवणार. चंद्राची ओढ कमी हाय."

"बरोबर," परीक्षक म्हणाले. इथे तिने थांबायचे होते. विचारले तेवढेच सांगावे, हे मी तिला शंभरदा बजावले होते. परीक्षकांनीही थांबायचे होते. पण त्यांनी, कदाचित सहज म्हणून, पुढे विचारले, "मग तुम्ही दुधाच्या वहीत लिहिणार किती?"

"दहा."

"काटा तर दीड-पावणेदोन दाखवतोय."

"दाखवू दे की," सुनंदा म्हणाली. "दूध दहाच किलो हाय. चंद्र ओढायला कमी पडला, त्यात दूध घालणाऱ्या बाईची काय चूक? पहाटं उठून धार तिनं काढल्याली. आन् साहेब, तिथं ताणकाटा न्यायचाच न्हाय. तागडी न्यायची. दोन्ही पारड्यांस्नी सारखीच ओढ, मग दहाला दहाच भरतंय."

परीक्षकांनी पेन खाली ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून खिडकीबाहेर पाहत राहिले. मी डोळे मिटले. परीक्षकाशी वाद! माझ्या काळात असा विद्यार्थी वर्गाबाहेर नव्हे, शाळेबाहेर गेला असता. मग त्यांनी एवढेच विचारले, की तुमची संस्था कुठली. सुनंदाने सांगितले, आणि ती अजून माझी नाही, हेही सांगितले. "जा," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी तिला तेच एकशे एकाव्यांदा बजावले.

निकाल लागला. विज्ञान सुटले होते. सासूबाईंनी साऱ्या वसाहतीत पेढे वाटले आणि माझ्या हातावर पेढा ठेवताना, देवीने आधीच सांगितले होते, असे म्हणाल्या. संस्थेच्या सभेत विकीच्या चुलतीने, म्हणजे अध्यक्षीणबाईंनी, बराच वेळ भाषण केले. परंतु ठराव सुनंदाच्या नावाचा झाला.

तिच्या कामाच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम गेले. बायकांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या हाती किटली. सुनंदा काट्यासमोर बसली होती, केस नीट बांधलेले, मान खाली. एवढ्यात स्कूटर थांबली. एक गृहस्थ उतरले आणि रांगेकडे न पाहता, हातातली किटली घेऊन सरळ काट्यापाशी गेले. आक्रसलेल्या भुवया पाहून मी त्यांना ओळखले आणि मला धक्काच बसला. सरकारमान्य परीक्षक, शर्टाला घडी, आणि हातात दुधाची किटली!

त्यांनी ती काट्यावर ठेवली. चेहऱ्यावर हसू नव्हते.

"चंद्रावरनं आलोय," ते म्हणाले. "बघा, किती भरतंय."

सुनंदाने मान वर केली नाही. तिने किटली उचलली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"लई लांबनं आलासा. पन लायनीतनं या, पावणं."